प्रतिसाद: भूक होतीच, पण कबुतरंही होती

वर एकाने म्हटलंय की फ्रान्समधला १७८९ चा उठाव, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती, निव्वळ भुकेचा होता. अर्धं पटतं. १३ जुलै १७८८ ला गारपिटीने उभं पीक झोपवलं, आणि पुढच्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये चार पौंडी पाव १४ सूंच्या (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) वर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू! (राणी मारी आंत्वानेतचं ते 'पाव नसेल तर केक खा' मात्र सोडून द्या, ती बोलल्याचा पुरावा नाही.)

पण दुष्काळ त्याआधीही पडले होतेच की. लोकांना डाचत होतं ते वेगळंच. मिठावरच्या कराचंच घ्या. देशाच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरील प्रत्येकामागे ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे, हवं असो वा नसो. बरं, ते फक्त जेवणापुरतं. त्यात डुकराचं मांस खारवलं तर दंड! शेजारच्या ब्रिटनी प्रांतात हा कर नाही, म्हणून तिथे मीठ कितीतरी स्वस्त. मग तस्करी होणारच.

आणि कबुतरं! अनेक भागांत मोठे कबुतरखाने बाळगायचा हक्क जमीनदाराचा. ही कबुतरं पेरलेलं बी टिपून नेत आणि शेतकऱ्याने बघत बसायचं, मारायची सोय नाही. १७८९ च्या तक्रारवह्यांत (राजासमोर मांडायच्या गाऱ्हाण्यांच्या याद्या) गावोगावच्या लोकांनी हे लिहून दिलंय. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने (लोकप्रतिनिधींच्या सभेने) सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यात हा कबुतरांचा हक्कही गेला.

आणि राग करांचाही होता. बॅस्टिलचा तुरुंग-किल्ला पडायच्या आधी, १२-१३ जुलैला, पॅरिसकरांनी काय जाळलं? शहराच्या वेशीवरची जकात नाकी.