कॅलिफोर्निया: शाळा डिस्ट्रिक्टच्या बजेट मीटिंगमध्ये काय विचारावं?

ओवी_सनीवेल
बे एरियातल्या पब्लिक स्कूलवाल्या पालकांना प्रश्न. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, नाव नको) पुढच्या वर्षी आर्ट आणि लायब्ररीचे तास कमी करायचं काढलंय. प्रिन्सिपल म्हणतात पैसा डिस्ट्रिक्टच्या हातात, डिस्ट्रिक्टवाले म्हणतात सॅक्रामेंटोहून, म्हणजे राज्य सरकारकडून, येतो तेवढाच. मग ठरवतं कोण? जूनमध्ये पब्लिक हिअरिंग आहे आणि एलकॅप (डिस्ट्रिक्टचा खर्चाचा आणि उद्दिष्टांचा आराखडा) नावाची भलीमोठी पीडीएफ आलीय. तीन मिनिटं मिळणार. काय बोलू?

जुना_फ्रीमाँटकर
ठरवतं डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं बोर्डच. पूर्वी राज्याचा बराच पैसा खर्चाच्या हेडप्रमाणे यायचा, पुस्तकांचा पुस्तकांनाच, बसचा बसलाच. (माझे वडील जिल्हा परिषद शाळेत मास्तर. ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की!") २००९ च्या मंदीत अशा जवळपास ४० योजनांच्या अटी सैल केल्या आणि २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात एलसीएफएफ (शाळांना पैसा वाटायचं नवं सूत्र) आणून त्यातल्या बहुतेक मोडीतच काढल्या.

आता दर मुलामागे बेस ग्रँट, ती बोर्ड हवी तशी वापरतं. शिवाय कमी उत्पन्न घरातलं, इंग्लिश शिकणारं किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेलं) मूल असेल तर त्याच्यामागे बेसच्या २० टक्के जादा. अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली की आणखी मिळतात. या जादा पैशाला मात्र अट आहे, तो मुख्यतः त्याच मुलांच्या कामी यायला हवा. तो सगळ्या डिस्ट्रिक्टवर खर्च केला, तर या मुलांना त्याचा काय फायदा ते एलकॅपमध्ये लिहावं लागतं. पीडीएफमधला तेवढाच भाग नीट वाच. गोलगोल वाक्यं तिथेच सापडतात.

नाना_सॅन_होजे
मोकळीक वगैरे ठीक आहे. शिक्षकांच्या पेन्शनमध्ये डिस्ट्रिक्टचा वाटा २०१३-१४ ला पगाराच्या ८.२५ टक्के होता, आता १९.१ आहे. तो दर राज्य ठरवतं. बोर्डाच्या हातात उरतं काय?

जुना_फ्रीमाँटकर
नाना, मुद्दा बरोबर. पण जे उरतं त्यावर भांडायला तरी कोण येतं? आमच्याकडे मीटिंगला खुर्च्या जास्त, माणसं कमी.

ताकपोहे
ओवी, आर्टसाठी तुझ्याकडे वेगळा मुद्दा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रॉप २८ (मतदारांनी थेट मत देऊन केलेला कायदा) पास झालं, त्याचा पैसा फक्त आर्ट आणि म्युझिकचा. ५०० किंवा जास्त मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टला त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावर घालावे लागतात. आधीचा खर्च काढून त्या जागी हा पैसा लावणं चालत नाही. सरळ विचार, "प्रॉप २८ चे किती आले, आमच्या शाळेत कशावर गेले, आणि तरी तास का कमी?" लायब्ररीला असं कवच नाही, तिथे बोर्डाचं मनच वळवायला लागेल.

शेवंता_मावशी
एक बाजूचं, पण आपल्या लोकांना लागू. शाळेत नाव घालताना होम लँग्वेज सर्व्हे असतो. घरी मराठी बोलत असूनही बरेच जण मुलाला इंग्लिशची परीक्षा द्यावी लागेल या भीतीने "इंग्लिश" लिहितात. खरं ते लिहा. मूल इंग्लिश शिकणारं ठरलं तर त्याला मदत मिळते आणि डिस्ट्रिक्टला तो जादा पैसाही. तसंच २०२२ पासून जेवण सगळ्यांना फुकट, म्हणून उत्पन्नाचा फॉर्म लोक भरतच नाहीत. तो भरा, कमी उत्पन्न घरातल्या मुलांची मोजणी त्यावर होते.

ओवी_सनीवेल
सगळ्यांचे आभार, प्रॉप २८ माहीतच नव्हतं. हिअरिंगच्या दिवशीच मंजूर करून टाकतात का?

ताकपोहे
नाही. हिअरिंग एका मीटिंगला, मंजुरी नंतरच्या. १ जुलैच्या आत उरकतात. पण जूनपर्यंत आकडे जवळजवळ पक्के झालेले असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी पेरेंट अ‍ॅडव्हायझरी कमिटीत (एलकॅपवर मत देणारी पालकांची समिती) नाव दे. कमिटीने लेखी मत दिलं की सुपरिंटेंडंटला (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) लेखी उत्तर द्यावंच लागतं. आणि मीटिंगला लवकर जा, बोलणाऱ्यांचं कार्ड सुरुवातीलाच भरून द्यायचं असतं.