मदत हवी आहे: मराठी शाळा हवी आहे, पण शाळा सुटल्यावर दुपारी मूल कुणाकडे? (धायरी, सिंहगड रोड)

नमस्कार. लेकीच्या शाळेचा निर्णय महिन्या-दोन महिन्यांत घ्यायचा आहे आणि घरात रोज रात्री जेवताना तोच विषय निघतो. मराठी माध्यम चांगलं की इंग्रजी, यावर इथे पुष्कळ चर्चा झाली आहे आणि ती मी वाचली आहे. माझं मन मराठीकडे आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: दोघंही नोकरी करणाऱ्या घरात मराठी शाळा निभावते कशी?

आम्ही धायरीत राहतो. मला आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला जावं लागतं, दोन दिवस घरून काम. नवऱ्याचं ऑफिस मगरपट्ट्यात, त्याला रोज जावं लागतं. मुलगी येत्या नोव्हेंबरात तीन वर्षांची होईल. सध्या ती शेजारच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या घरगुती पाळणाघरात असते. चार-पाच मुलं, सतरंजी, दुपारचा गरम वरणभात. काकू भाजी निवडायला बसल्या की मुलांच्या पुढ्यातही मूठभर मटार टाकतात. परवा घरी मी शेंगा सोलत होते, तर ही शेजारी येऊन बसली आणि एक शेंग उचलून म्हणाली, "ही किडकी आहे, वेगळी ठेव. ही कोवळी आहे, ही मी खाते." हे शब्द तिला आम्ही शिकवलेले नाहीत. आता काकू मे महिन्यात कायमच्या मुलाकडे नाशिकला जाणार आहेत, म्हणून हा सगळा पेच.

घरापासून पाच मिनिटांवर इंग्रजी माध्यमाची एक प्रीस्कूल आहे. तिथेच वरच्या मजल्यावर संध्याकाळी सातपर्यंत डेकेअर. शाळा सुटली की ताई मुलांना जिन्याने वर घेऊन जातात. आमच्या वेळापत्रकात अगदी चपखल बसतं. पण तिथे एक दिवस मुलीला बसवून पाहिलं तेव्हा जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिने टीचरला जाऊन सांगितलं, "मला शू लागलीये." टीचर मराठीच होत्या, त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्या गुडघ्यावर बसून, अगदी गोड आवाजात, तिच्याकडून "मे आय गो टू द वॉशरूम" म्हणवून घेत राहिल्या. ती माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली आणि शेवटी चड्डीत झाली. अडीच वर्षांच्या मुलाची ही गरज भाषेसाठी अडवून धरायची गोष्ट नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा पर्याय सदाशिव पेठेतला. सासू-सासरे तिथे राहतात आणि त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर चांगली मराठी बालवाडी आहे. सासूबाई म्हणतात, "मी आणीन की तिला, त्यात काय!" पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि सासूबाईंचंही वय झालंय. नवरा सकाळी तिला सोडून स्वारगेटवरून पुढे जाऊ शकतो. संध्याकाळी मात्र तिला घेऊन घरी पोचेपर्यंत साडेआठ. सिंहगड रोडला उड्डाणपूल झाला तरी धायरी फाट्यापासून आत यायला लागतो तो वेळ लागतोच. मूल गाडीत न जेवता झोपून जाणार.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडलेला: आमच्याच भागातली एक मराठी शाळा, बालवाडीपासून. मोठं पटांगण, वर्गात मातीकाम, बाई मुलांना नावाने ओळखतात. पण शाळा साडेअकराला सुटते आणि पाळणाघर नाही. आसपासच्या पाळणाघरांत विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर: "आमची व्हॅन अमुक-तमुक शाळांनाच जाते." त्या सगळ्या इंग्रजी शाळा. एका मुलासाठी कोणी गाडी पाठवायला तयार नाही.

नवऱ्याचं म्हणणंही मला उडवून लावायचं नाही. आम्ही दोघंही मराठी माध्यमातले, तो पुण्यातला, मी साताऱ्याची. त्याला पहिल्या नोकरीत इंग्रजीमुळे जो त्रास झाला तो त्याने एकट्याने सोसलाय. "2020 च्या शैक्षणिक धोरणात पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय खरं, पण त्यातच 'शक्य असेल तिथे' असंही आहे. आणि सोसायटीतलं एकही मूल मराठी शाळेत नाही. तिने खेळायचं कुणाशी?" असं तो विचारतो.

तर, कोणी मराठी शाळा आणि पाळणाघर अशी सांगड घातली आहे का? कशी? आणि शेवटी इंग्रजी शाळाच घ्यावी लागली तर घरात मराठी वाचनाचं काय करता?

— पारिजातक

निशिगंध:
मी कर्वेनगरात बरीच वर्षं पाळणाघर चालवलं, म्हणून त्या बाजूने सांगते. व्हॅन एका मुलासाठी येत नाही यात पाळणाघरवाल्यांचा दोष नाही. रिक्षावाल्या काकांना एका फेरीत चार-पाच मुलं मिळाली तरच परवडतं. म्हणून पाळणाघर शोधायच्या आधी मुलं शोधा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभ्या राहा आणि न्यायला आलेल्या आज्या-आजोबांशी, मावश्यांशी बोला. त्यातल्या दोघी-तिघी तरी तुमच्यासारख्याच अडचणीत असतात. तीन मुलं झाली की पाळणाघराच्या बाई स्वतःहून विचारतील, कितीला सुटते शाळा? आमच्याकडे एका मराठी शाळेची रिक्षा अशीच तीन आयांनी मिळून सुरू करवली होती.

पाळणाघर बघायला सकाळी जाऊ नका. सकाळी सगळीकडे सगळं छान असतं. दुपारी साडेतीनला, न कळवता जा. मुलं झोपेतून उठायची ती वेळ. कोणी रडत असेल तर त्याला कोण उचलतं, टीव्ही चालू आहे का, अंथरुणांना वास येतो का, हे तेव्हा दिसतं. नेहमीच्या ताई सुट्टीवर गेल्या तर त्यांच्या जागी कोण, हे विचारा. मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्याची नावं आणि फोटो लेखी देऊन ठेवा, आणि एकदा अनोळखी माणूस पाठवून बघा, मूल देतात का ते.

आणखी एक. मुलगी नोव्हेंबरची आहे ना? मग एवढी घाई कशाला?

खडकवासला_बाबा:
निशिगंधताईंचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडे 31 डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होत असतील तर त्या जूनमध्ये नर्सरी आणि सहा पूर्ण होत असतील तर पहिली, असा नियम आहे. म्हणजे तुमची मुलगी यंदा बसू शकते. पण बसवलीच पाहिजे असं नाही. यंदा घातली तर शाळेत जाईल तेव्हा अडीच वर्षांची आणि पहिलीत जाईल तेव्हा साडेपाचची, वर्गातली सगळ्यांत लहान. आमचा मोठा डिसेंबरचा. त्याला वेळेवर घातला, आणि पहिली-दुसरीत लिहिताना त्याचा हात दुखायचा, बाकीच्यांचं होऊन जायचं. धाकटीला एक वर्ष थांबवलं. तिच्यात आणि त्याच्यात मला फार फरक दिसला.

दोघंही सिंहगड रोडवरच्या मराठी शाळेत आहेत, सेमी-इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पण सेमी प्रत्येक शाळेत वेगळ्या इयत्तेपासून असतं, कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून, तेव्हा ते आधी विचारून घ्या. तुमच्या मिस्टरांची काळजी मला पटते, मीही त्यातूनच गेलोय. मोठा आता सातवीत आहे. इंग्रजी वाचतो, न अडखळता बोलायला अजून लाजतो, पण लिहितो नीट. कुठलीही गोष्ट त्याला एकदा मराठीत समजली की इंग्रजी शब्द त्यावर पटकन बसतात, हे मी रोज अभ्यास घेताना बघतो. सोसायटीतल्या मुलांशी खेळताना कोणाचीच अडचण झाली नाही. क्रिकेट आणि लपाछपीला माध्यम लागत नाही.

पारिजातक:
दोघांचे आभार. थांबण्याचा विचार खरंच केला नव्हता. भीती एकच, पुढच्या वर्षी शाळेत जागा मिळेल का?

खडकवासला_बाबा:
शाळेतच विचारा, पण आमच्या शाळेत मोठ्या गटात आणि पहिलीत नवीन मुलं दर वर्षी येतात. अक्षरनंदनसारख्या शाळांसाठी रांग असते ती गोष्ट वेगळी. उपनगरातल्या बऱ्याच मराठी शाळांना तर आज मुलं हवी आहेत.

रानजाई:
मी इंग्रजी माध्यम निवडलं आणि कारण तेच, दुपार. आई-वडील कोल्हापुरात, सासर लांब, मदतीला कोणी नाही. मूल सुरक्षित आणि वेळेवर जेवलेलं असणं ही माझी पहिली गरज होती. म्हणून तुम्हाला नाइलाजाने तसं करावं लागलं तर स्वतःला बोल लावू नका. पण ती शूची गोष्ट वाचून चीड आली. दुसऱ्या इंग्रजी शाळा बघा, सगळ्या तशा नसतात. आमच्या शाळेत पहिली दोन वर्षं ताई मुलांशी त्यांच्या भाषेत बोलायच्या. प्रवेश घेताना थेट विचारा: मूल मराठीत बोललं तर तुम्ही काय करता?

शाळेतल्या मराठीवर अवलंबून राहू नका. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण इंग्रजी शाळेत ती एक विषय म्हणून असते. बाकीचं घरातच करावं लागतं. आम्ही झोपताना रोज एक गोष्ट मोठ्याने वाचतो, पुस्तक मराठीच. सुरुवातीला एका पानावर एकच ओळ आणि मोठं चित्र असलेली पुस्तकं घ्या. अप्पा बळवंत चौकात मुलीला घेऊन जा आणि तिला हात लावून निवडू दे. फोनवर हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मराठी गोष्टी फुकट आणि पातळीप्रमाणे लावलेल्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन मिळतात. तिला ते आत्ता मोठं होईल, पण आजोबांना वाचून दाखवायला द्या. आमच्याकडे आजोबा व्हिडिओ कॉलवर वाचतात आणि पोरगा मधेमधे त्यांना थांबवून प्रश्न विचारतो.

मुळशीकर:
शाळेबद्दल मला सांगता येणार नाही. पण 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्यापासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. तुमच्या एचआरला लेखी विचारा. हिंजवडीत बऱ्याच कंपन्या जवळच्या पाळणाघराशी करार करतात आणि पैशाचा काही भाग भरतात.

पारिजातक:
हे एचआरने आजवर कधी सांगितलं नव्हतं, उद्याच मेल करते. रोज धायरी ते हिंजवडी मुलीला नेणं जमणार नाही, चांदणी चौकातून जायलाच तास जातो. पण कंपनी पैशाचा भाग भरणार असेल तर घराजवळच्या पाळणाघरासाठी तो मिळेल का, तेही विचारते.

काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. एक वर्ष थांबायला तो लगेच तयार झाला. माध्यमावर अजून एकमत नाही, पण शनिवारी मराठी शाळेत येऊन स्वतः बघतो म्हणालाय, आणि सेमी कुठल्या इयत्तेपासून आहे हा प्रश्न तोच विचारणार आहे. मी पुढच्या आठवड्यात घरून काम असेल त्या दिवशी साडेअकराला फाटकाशी जाऊन उभी राहते.

आता नेमकी मदत हवी आहे ती जून ते पुढच्या जूनसाठी. धायरी, वडगाव बुद्रुक, आनंदनगर या पट्ट्यात काकूंसारखं घरगुती पाळणाघर, फार मुलं नसलेलं, टीव्ही नसलेलं, संध्याकाळी सातपर्यंत चालणारं, कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुलगी सगळं खाते, फक्त तिला दुपारी झोपताना कोणीतरी पाठीवर थोपटावं लागतं.