हाडांत गेलेला प्रोस्टेट कॅन्सर आणि कॅल्शियमच्या गोळ्या

वडिलांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरलाय, मग कॅल्शियम बंद करायचं का, असं एका वाचकाने विचारलंय. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. हा कॅन्सर हाडात शिरल्यावर बहुधा ते नुसतं पोखरत नाही, वेडंवाकडं नवं हाड रचायला लावतो. त्यासाठी रक्तातलं कॅल्शियम खेचलं जातं. पातळी घसरली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) वाढवतात आणि ते संप्रेरक उरलेल्या धड हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. ही झीज होताना हाडात साठलेले वाढीचे घटक सुटतात, ते गाठीच्याच पथ्यावर पडतात. कॅन्सरच्या पेशी पीटीएचसारखं प्रथिन स्वतःही बनवतात, ते वेगळंच.

त्यात हाडांची झीज रोखणारं डेनोसुमॅब किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड चालू असेल तर कॅल्शियम आणखी उतरू शकतं, म्हणून सोबत गोळ्या देतात. ओठांभोवती मुंग्या, पायांत गोळे आले तर त्याच दिवशी कळवा.

ड जीवनसत्त्वाचे वाट्टेल तेवढे डोस मात्र नकोत. डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत कॅल्सिट्रिओलचा (ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाचा) मोठा डोस देणारी चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली. कॅल्सिट्रिओल घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होते.