लग्नाचा प्लॅनर लावणं म्हणजे पैशाचा माज का?

परभणीकर:
कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून लिहायलोय. त्यात होतं की "प्लॅनर लावणं म्हणजे पैशाचा माज, आमच्या वडलांनी बहिणींची लग्नं भावकीच्या जीवावर केली, वरचा एक रुपया कुणाला दिला नाही". खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मला एकच सांगा, भावकीच्या जीवावर म्हणजे नेमकं कुणाच्या? आमचे मोठे काका दरवेळी मोंढ्यातलं, म्हणजे धान्याच्या बाजारातलं, दुकान पुतण्यावर टाकून मंडपवाला, आचारी, वाढपी, बँडवाला असे फिरायचे. आई आन काकू लग्नाच्या दिवशी जेवल्या का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. बहिणीवर अक्षता पडायल्या तेव्हा सख्खा भाऊ पाण्याच्या टँकरमागं पळत होता. या कामाची मजुरी कुणी धरली नाही म्हणून ते फुकट झालं का? आता पोरं पुण्यात, दोन दिवसांची रजा टाकून येणार, गावात राहिले म्हातारे. त्यांना उन्हात पळवायचं आन वर संस्कार म्हणायचं. प्लॅनर दोन लाख घेतो तर घेऊ द्या, काम करतो तो.

लातूरकर मास्तर:
काकांची दगदग मान्य. पण तुम्ही फी कशी लागते ते सांगितलंच नाही. बरेच प्लॅनर एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के घेतात. वीस लाखाचं लग्न धरलं तर दोन-तीन लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. जितका खर्च वाढेल तितकी ज्याची फी वाढते तो माणूस तुमचा खर्च कशाला कमी करील? 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास माल द्यावा लागला. तरी पोरगी म्हणते मैत्रिणीसारखी एन्ट्री पाहिजे, आणि बाप सावकाराच्या दारात. एप्रिल 2021 मध्ये सरकारनं 25 माणसं आणि 2 तास एवढीच परवानगी दिली होती, त्या लग्नातले संसार काय मोडले का?

मंडपवाला, जालना:
दोघांनाही आतली गोष्ट सांगतो. प्लॅनर गिऱ्हाईक आणतो तेव्हा आमच्याकडूनही कमिशन मागतो, आन ते आम्ही खिशातून देत नाही, रेटमधी धरतो. म्हंजे पार्टी दोनदा देते. पण दुसरी बाजू पण आहे. घरचे लोक लग्न झाल्यावर बाकीच्या पैशाला "बघू बघू" करतात, सहा सहा महिने फोन उचलत नाहीत. प्लॅनर असला की बाकी वेळेवर येते.

बीडची लेक:
फी राहू द्या बाजूला, मुहूर्ताचं बोला. पत्रिकेवर 12:35, अक्षता पडतात पावणेदोनला, कारण माईकवर सत्कार चालू. माजी सभापती आले, शाल. जिल्हा परिषदेचे कुणी आले, शाल. मे महिन्याचं ऊन, पत्र्याखाली माणसं उकडायलेत, नवरी मेकअप सांभाळत उभी. माझ्या आजीला शुगर आहे, ती तिथंच भोवळ येऊन पडली आन निवेदक पुढच्या पाहुण्याचं नाव घेत होता.

हिंगोलीचा पाटील:
ताई, पुढारी दारात आले आणि विचारलं नाही तर मुलीच्या बापाची गावात किंमत काय राहते? अडीअडचणीला तेच लोक धावून येतात. शहरात राहून बोलणं सोपं असतं.

बीडची लेक:
मी केजला राहते, शहरात नाही. आन अडचणीत आजीला दवाखान्यात शेजारच्या पोरानं नेलं, शाल घेतलेल्यांपैकी एकही उठला नाही. तुम्हाला सत्कार करायचा तर जेवणं झाल्यावर करा, कुणी अडवलंय?

हिंगोलीचा पाटील:
जेवणं झाल्यावर थांबतं कोण! उगं भावनेच्या भरात बोलू नका.

नांदेडवाली वहिनी:
पाटील, आजी पडली त्याला भावनेचा भर म्हणता? जरा तरी... जाऊ द्या. आमच्या नणंदेच्या लग्नात प्लॅनर होती, एक मुलगी. तिनं दोन महिने आधीच माझ्या सासऱ्यांना सांगितलं की माईक माझ्याकडं राहील, सत्कार हळदीच्या रात्री उरकून घ्या. सासरे चिडले होते, भावकीतले दोघं रुसून बसले, पण अक्षता वेळेवर पडल्या आन म्हाताऱ्या माणसांची पंगत पहिली बसली. घरच्या माणसाची हिंमत झाली नसती असं बोलायची. माझी तक्रार एकच, जेवणात पास्ता-चाट सगळं ठेवलं आन येसरची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी काढून टाकली. मराठवाड्यात लग्न आन येसर नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

लातूरकर मास्तर:
येसरबद्दल शंभर टक्के. माईकचंही ठीक आहे, वहिनी म्हणतात तसं झालं असेल तर ते काम पैसे देण्यासारखं आहे, एवढं मान्य करतो. त्यापुढं नाही. टक्केवारी चुकीची ती चुकीचीच.

परभणीकर:
मग टक्केवारीवर देऊ नका, ठरलेली फी द्या! मी कधी म्हटलं टक्केवारी चांगली आहे? काकांच्या पायांबद्दल बोलत होतो मी, तुम्ही सोयाबीनवर गेलात.

लातूरकर मास्तर:
सोयाबीनवर नाही जाणार तर कशावर जाणार, लग्न त्यातूनच होतंय ना इथं.

मंडपवाला, जालना:
भांडू नका. फी आधी आकड्यात ठरवा, जीएसटी धरून का सोडून ते लिहून घ्या. आचारी, मंडप, फुलवाला यांची बिलं स्वतःच्या नावानं घ्या आन पैसे थेट त्यांना द्या, मधी कुणी नको. तारीख पुढं गेली तर अॅडव्हान्सचं काय, ते पण कागदावर पाहिजे. लॉकडाऊनमधी लोकांचे लई पैसे तिथंच अडकले, आमच्याकडं पण भांडणं झाली. आन नुसता लग्नाच्या दिवसापुरता माणूस लावला तरी चालतं, त्याचे पैसे लई कमी लागतात, हे कुणी विचारतच नाही.

परभणीकर:
हे कामाचं बोललात. जालन्यातून परभणीला येणारा असा एका दिवसाचा कुणी असेल तर सांगा, मार्गशीर्षात धाकटीचं आहे. काकांना या वेळी पहिल्या रांगेत बसवायचंय.