मदत हवी आहे: पुढची ब्रेक डिस्क, कंपनीची घ्यावी की बाहेरची?

मंडळी, बाइकच्या पुढच्या डिस्कवर किमान जाडी ४ मिमी कोरलेली आहे आणि मायक्रोमीटरने ३.८ भरतेय. म्हणजे बदलणं आलंच. मूळ कंपनीची डिस्क फार महाग पडते, म्हणून बाहेरच्या बनावटीच्या बघतोय.

ईबीसी, गॅल्फर, ब्रेम्बो ही नावं माहीत आहेत. अडतंय ते प्रकारावर. सध्याची डिस्क एकसंध आहे. फ्लोटिंग डिस्कमध्ये पॅड जिच्यावर घासतात ती बाहेरची कडी मधल्या कॅरियरला (चाकावर बसणाऱ्या भागाला) बटणांनी जोडलेली असते, त्यामुळे तापल्यावर तिला पसरायला जागा मिळते, हे पटतं. पण मी काही ट्रॅकवर जात नाही. रोजच्या वापरात फरक खरंच जाणवतो का, की काही काळाने बटणं सैल होऊन नुसता खडखडाट ऐकायचा? कडा नागमोडी असलेली वेव्ह डिस्क मला तरी दिखाऊपणाच वाटते. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर सांगा.

दुसरं म्हणजे मापं. बाहेरचा व्यास, बोल्टची भोकं आणि ऑफसेट (चाकावर बसणारा भाग आणि घासणारा भाग यांतलं अंतर) जुळवून घेणार आहेच. एबीएसची रिंग (चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरसाठीची) त्याच बोल्टांवर बसते, तिथे कुणाला अडचण आली का?

पॅड नवेच टाकणार. सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) टाकले तर डिस्क लवकर झिजते म्हणतात. तुम्ही कोणती जोडी वापरता? लिव्हरला थरथर जाणवली असेल तर तेही लिहा, आणि डायल गेजवर रनआउट (फिरताना डिस्क किती डगमगते ते) मोजला असेल तर आकड्यासकट.