मदत हवी आहे: छोट्या पवनचक्कीचं प्रमाणपत्र कसं तपासायचं?
नमस्कार मंडळी. पाटणजवळ सड्यावर आमचं शेतघर आहे, वारा भरपूर. सोलरच्या जोडीला ३ किलोवॅटची पवनचक्की लावायची म्हणतोय. विक्रेता ‘आयईसी ६१४००-२ प्रमाणित’ (छोट्या पवनचक्क्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) म्हणतो, पण दाखवतो फक्त सीई मार्कचा, म्हणजे युरोपीय नियम पाळल्याच्या खुणेचा, कागद. तो म्हणजे चाचणी अहवाल नव्हे, एवढं कळतं. शिवाय ते ३ किलोवॅट मिळणार सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्याला. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली ताकद आठवा हिस्सा! चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या मान्य छोट्या पवनचक्क्यांच्या यादीत हे मॉडेल मला दिसलं नाही. यादीबाहेरच्या यंत्राला महाऊर्जाचं (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था) अनुदान कुणाला मिळालंय का? पॉवर कर्व्ह (कोणत्या वाऱ्याला किती वीज, तो आलेख) आणि आवाजाचा अहवाल मागितल्यावर विक्रेते देतात का? (घरच्यांची पहिली चौकशी आवाजाचीच.)