पायाचा डॉक्टर, पाणघोडा आणि ‘रूट’ला मराठी शब्द

दांडिया बाजारची आई
मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यम. आम्ही बडोद्यात राहतो; घरात मराठी, खाली खेळायला गेला की गुजराती. यंदा शाळेतून ग्रीक-लॅटिन ‘रूट्स’ची यादी आली आहे, पाठ करायला: टेली म्हणजे दूर, बायो म्हणजे जीवन, पेड म्हणजे पाऊल. परवा धाकटीला ताप आला. मी म्हटलं, पीडियाट्रिशियनकडे नेऊन आणू. तर हा म्हणतो, “आई, ताप आहे ना तिला? मग पायाच्या डॉक्टरकडे कशाला?” हसले, पण समजावता येईना. यादीत तर तेच लिहिलंय! दुसरं म्हणजे, या ‘रूट’ला मराठीत काय म्हणायचं? मी ‘धातू’ म्हटलं, तर त्याला तांबं-लोखंड आठवलं.

मांडवीकर
ताई, पोरगा बरोबर आहे, यादी अर्धवट आहे. लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे पेस, त्याचं अंग, म्हणजे प्रत्यय लागताना उरणारं रूप, पेद. त्यातून पेडल आणि पेडेस्ट्रियन. ग्रीकमध्ये मूल म्हणजे पाइस, अंग पाइद. आणि इयात्रोस म्हणजे वैद्य. दोघं मिळून पोरांचा डॉक्टर. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर एक ‘ए’ असतो, तो याच ग्रीक मुलाचा अवशेष. अमेरिकनांनी तो गाळला आणि मूल व पाऊल सारखेच दिसू लागले. एन्सायक्लोपीडियातही पाऊल नाही, मुलाचं शिक्षणच आहे. पेडिग्रीत मात्र पाय आहे, तोही क्रौंच पक्ष्याचा! वंशावळीतली फाटे फुटलेली खूण फ्रेंचांना त्याच्या पंजासारखी दिसली म्हणे.

‘धातू’बद्दल: आपल्याकडे धातू क्रियेचा असतो. कृ, गम्, पत्. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, त्याला धातू खुशाल म्हणा. पण ‘फोटो’तला फोत म्हणजे प्रकाश, ते नाम, व्याकरणात त्याला प्रातिपदिक म्हणतील. सहावीतल्या मुलाला हा शब्द सांगाल तर तो ग्रीकच बरं म्हणेल. मी ‘शब्दमूळ’ म्हणतो. नुसतं ‘मूळ’ही चालतं.

आणि पाठांतराआधी त्याला घरचं काहीतरी द्या. पद, पाद त्याला ठाऊक आहेत. संस्कृत पाद, लॅटिन पेद, ग्रीक पोद, इंग्रजी फुट ही एकाच घरातली भावंडं. ट्रायपॉड म्हणजे तीन पायांचं, आपला त्रिपाद. ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद. सप्त-सप्टेंबर, अष्ट-ऑक्टोबर, नव-नोव्हेंबर, दश-डिसेंबर. मग तो विचारेल, सप्टेंबर नववा का? रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून.

फतेगंज
काका, इथेच घोटाळा होतो. आमच्या एका नातेवाईकाने लग्नाच्या पंगतीत अर्धा तास ऐकवलं होतं की जगातले सगळे शब्द संस्कृतातून निघाले. संस्कृतचा अभ्यासक इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं होतं ते निराळं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात. म्हणजे बहिणी, आई कोणीच नाही. शिवाय नुसतं साम्य पुरत नाही. देव आणि लॅटिन देउस हे नातलग. पण थिऑलॉजीतला ग्रीक थिओस, अर्थही देव, आवाजही जवळचा, तरी त्याचं मूळ वेगळं. आवाज नेमाने बदलतात का ते बघावं लागतं: पितृ-फादर, पाद-फुट, दोन्हीकडे ‘प’चा ‘फ’.

मांडवीकर
मान्य. मी ‘भावंडं’ म्हटलं होतं हं, आई नव्हे. ताई, यादी फाडू नका, तिला रकाने पाडा: मूळ, अर्थ, इंग्रजी शब्द, मराठी, गुजराती. बडोद्याला ही रीत नवी नाही. संस्थानाने १९३१ साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश काढला, त्यात कारभारातल्या इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द ओळीने मांडलेत. तुमच्या वहीला तीन भाषा पुष्कळ झाल्या.

दांडिया बाजारची आई
रकाने पाडले. रविवारी गच्चीवर मांजा गुंडाळत बसलो होतो, वरून हेलिकॉप्टर गेलं. मी सांगितलं, हेली अधिक कॉप्टर नाही, हेलिको अधिक प्टेर. हेलिक्स म्हणजे मळसूत्र, प्टेरॉन म्हणजे पंख. रात्री शोधून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या प्टेरॉनचं आपल्या ‘पत्’शी, म्हणजे उडण्याशी नातं आहे, हे ऐकल्यावर हातातल्या पतंगाकडे बघून म्हणाला, “मग हा पण पत्?” तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून “काप्यो छे!” (पतंग कापला!) आलं आणि व्याकरण संपलं.

पाणघोडा मात्र डोक्यात बसलाय. इंग्रजीत हिप्पोपोटॅमस: हिप्पोस घोडा, पोतामोस नदी. म्हणून कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयातल्या त्या धुडाला नदीघोडाच म्हणायचं असा हट्ट चाललाय. आपण नदीचं नुसतं पाणी का केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणी सांगा.

उद्या त्याची चाचणी आहे. वहीत लिहिलंय: “पेड — पाऊल. कधीकधी मूल. आधी स्पेलिंग बघा.” बाईंनी अर्धा मार्क कापला तर कापला.